शब्दकोशांची पिशवी

हंगेरीत जन्मलेल्या लेखिका आगोता क्रिस्तोफ यांच्या गद्याविषयी लिहिताना समीक्षक बहुधा 'कोरडे', 'थंड', 'निर्दय' अशी विशेषणे वापरतात. ती चुकीची नाहीत. मात्र हा कोरडेपणा म्हणजे अनेक शैलींमधून हेरून घेतलेली एक शैली असावी, असे जे त्यातून ध्वनित होते ते मला पटत नाही. ज्या फ्रेंच भाषेत त्यांनी आपल्या कादंबऱ्या लिहिल्या, ती त्यांना वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत येत नव्हती, आणि आल्यावरही ती पुरती आपली झाली असे त्यांनी कधी मानले नाही. शब्द मोजकेच हाताशी असताना लिहायचे कसे, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न होता. शैली त्या उत्तराच्या पोटातून आली.

त्यांचा जन्म 1935 साली हंगेरीतील चिकवांद या खेड्यात झाला. वडील गावातले एकमेव शिक्षक असल्यामुळे चौथ्या वर्षीच त्यांना वाचता येऊ लागले. नऊ वर्षांच्या असताना कुटुंब ऑस्ट्रियाच्या सीमेलगतच्या क्योसेगला गेले, जिथे बरेच लोक जर्मन बोलत. पुढे सोव्हिएत अंमलात शाळेत रशियन सक्तीची झाली. 1956 च्या नोव्हेंबरात, या अंमलाविरुद्धचा उठाव चिरडला गेल्यावर, पती आणि चार महिन्यांची मुलगी यांच्यासह त्यांनी रात्री पायी सीमा ओलांडली. 'लानाल्फाबेत' (म्हणजे 'निरक्षर स्त्री') या 2004 सालच्या छोटेखानी आत्मकथनात त्या सांगतात की, त्यांच्याजवळ दोन पिशव्या होत्या: एकीत बाळाची दुधाची बाटली, लंगोट आणि कपडे, तर दुसरीत शब्दकोश. जीव मुठीत धरून निघालेल्या माणसाने ओझ्याला शब्दकोश घ्यावेत, हा तपशील एखाद्या कादंबरीत आला असता तर मी तो लेखकाचा हट्ट म्हणून सोडून दिला असता.

स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे त्या स्थायिक झाल्या आणि घड्याळांच्या कारखान्यात काम करू लागल्या. यंत्राच्या ठेक्यावर मनात हंगेरियन कविता जुळत आणि त्या रात्री कागदावर उतरत. राहायला घर होते, हाताला काम होते, पोटाला अन्न होते. तरीही याच काळाला त्या वाळवंट म्हणतात. सोबत आलेल्या निर्वासितांपैकी काहीजण, तुरुंग वाट पाहत असल्याचे माहीत असूनही, हंगेरीला परतले, आणि काहींनी आत्महत्या केली. क्रिस्तोफ हे सगळे आवाज न चढवता, जवळजवळ हजेरी घेतल्यासारखे नोंदवतात. पाच वर्षांनंतर त्यांना फ्रेंच बोलता येत होते, पण वाचता येत नव्हते. चौथ्या वर्षी वाचायला शिकलेली बाई पुन्हा निरक्षर झाली होती! मग त्यांनी विद्यापीठातील परदेशीयांसाठीच्या वर्गात नाव घातले आणि अक्षरओळखीपासून सुरुवात केली. या भाषेला त्या 'शत्रुभाषा' म्हणत. ती कठीण आहे हे एक कारण होतेच, पण त्याहून गंभीर कारण असे की ती त्यांची मातृभाषा हळूहळू मारत होती.

सुरुवातीची नाटके आणि नभोनाट्ये सोडली, तर त्यांचे खरे आगमन 1986 साली 'ल ग्रां काये' (म्हणजे 'मोठी वही') या पहिल्या कादंबरीने झाले, म्हणजे वयाच्या पन्नाशीत. युद्धकाळात आजीकडे ठेवलेले जुळे भाऊ एका मोठ्या वहीत आपले दिवस लिहून ठेवतात. एकमेकांचे निबंध तपासताना त्यांनी स्वतःवर एकच नियम घालून घेतला आहे: जे लिहायचे ते खरे असले पाहिजे. आजी चेटकिणीसारखी दिसते असे लिहायला मनाई आहे, पण लोक तिला चेटकीण म्हणतात असे लिहिता येते. अक्रोड आम्हाला आवडतात हेही चालत नाही, कारण 'आवडणे' हा शब्द नेमका नाही. आम्ही पुष्कळ अक्रोड खातो, एवढेच लिहायचे. शब्दसंग्रह तोकडा असलेल्या परक्या लेखिकेने आपली अडचण दोन मुलांच्या हाती नियम म्हणून सोपवली, आणि त्या नियमामुळेच पुस्तकातील क्रौर्य असह्य झाले, कारण वाचकाला धीर देणारे एकही विशेषण तिथे येत नाही. फ्रेंचमध्ये ही मुले अखंड 'नू' म्हणतात. मराठीत त्याला 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन पर्याय आहेत, आणि इथे 'आम्ही' हाच योग्य ठरेल. या दोघांच्या कुंपणाआत वाचकाला प्रवेश नाही.

याच कथेच्या पुढच्या भागात, 'ला प्रव्ह' (म्हणजे 'पुरावा', 1988) मध्ये, या भावांना प्रथमच नावे मिळतात, लुकास आणि क्लाउस. रोमन लिपीत ही दोन्ही नावे त्याच पाच अक्षरांची उलटापालट आहेत. देवनागरीत ही गंमत हरवते. 1991 मधील 'ल त्रवाझिएम मांसाँज', म्हणजे 'तिसरे असत्य', आधीच्या दोन्ही पुस्तकांच्या पायाखालची जमीन काढून घेते. केवळ खरे तेच लिहिण्याच्या नियमाने सुरू झालेली त्रयी अशा शीर्षकापाशी पोहोचावी, याचे मला दर वाचनात नव्याने आश्चर्य वाटते. त्यानंतरची 'इएर' (म्हणजे 'काल', 1995) ही कादंबरी मात्र मला तितकी भिडली नाही. तिचा नायकही घड्याळांच्या कारखान्यात राबणारा निर्वासित आहे, पण त्याच्या स्वप्नांच्या परिच्छेदांत भाषा काव्यमय होऊ पाहते, आणि तिथे जुळ्यांच्या नियमाची उणीव जाणवते.

अखेरच्या वर्षांत त्यांचे लेखन जवळजवळ थांबले. 2011 साली हंगेरीने त्यांना कोशुत पारितोषिक हा मानाचा सरकारी सन्मान दिला आणि त्याच वर्षी 27 जुलैला न्यूशातेलमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी क्योसेगला नेण्यात आल्या. त्या गावातले वाचक त्यांच्या कादंबऱ्या हंगेरियनमध्ये वाचतात, अनुवादकाने केलेल्या भाषांतरातून.