जुने व्होर्टेक व्ही-८ इंजिन : ऑइलगळतीचा माग इनटेक गॅस्केटपर्यंत

१९९७ सालच्या शेव्हरोले पिकअपमधील ५.७ लिटर व्होर्टेक इंजिनाचे काम आता इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा वरचा भाग, उतरवण्यापर्यंत आले आहे. बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स यांमधील आवरणाच्या, खालच्या कडेवरून ऑइल ठिबकत होते आणि इंजिन आयडलिंगला थरथरत होते. असे ठिबकणे दिसले की बहुतेक जण रिअर मेन सीलवर, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाच्या सीलवर, बोट ठेवतात. परंतु ते बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून ऑइलचा उगम आधी निश्चित करणे मला आवश्यक वाटले.

या इंजिनात ऑइल प्रेशर सेन्सर, डिस्ट्रिब्यूटरची (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागाची) बैठक आणि मॅनिफोल्डची मागची कड फायरवॉलजवळ अगदी दाटीने आहेत, आणि त्यांपैकी कोठूनही निघालेले ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत बेल हाउसिंगवरच येते. क्रँककेसमधील वायू इनटेककडे नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबलेला नाही हे प्रथम पाहिले, कारण तो तुंबल्यास क्रँककेसमधील दाब धडधाकट सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलतो. मग इंजिन स्वच्छ धुऊन ऑइलमध्ये चमकणारा डाय मिसळला, गाडी थोडी फिरवली आणि अतिनील टॉर्च व छोट्या आरशाने मागची बाजू तपासली. सेन्सर आणि डिस्ट्रिब्यूटर कोरडे होते. हेड, ब्लॉक आणि मॅनिफोल्ड जेथे एकत्र येतात त्या कोपऱ्यातून ओघळ सुरू झालेला स्पष्ट दिसला. अर्थात वरून येणाऱ्या ऑइलखाली रिअर मेन सीलची गळती झाकली जाऊ शकते, त्यामुळे त्याचा निर्णय वरची गळती थांबल्यावरच करता येईल.

थरथरीचा तपास अधिक बोधक ठरला. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणकाने इंधनात केलेली दुरुस्ती, आयडलिंगला बरीच वाढलेली दिसे आणि २,५०० आरपीएमला जवळपास शून्यावर येई. थ्रॉटल (हवेची मुख्य झडप) मिटलेले असताना चोरवाटेने शिरणाऱ्या हवेचा वाटा मोठा असतो आणि थ्रॉटल उघडल्यावर तो नगण्य होतो, म्हणून ही खूण हवागळतीचीच होय. मात्र मॅनिफोल्डच्या बाहेरच्या सांध्यांवर स्प्रे मारूनही आरपीएम हलले नाही, म्हणजे बाहेरून हवा शिरत नव्हती. तेव्हा पीसीव्ही आणि ब्रीदरची नळी बंद करून ऑइल फिलरवर व्हॅक्यूम गेज लावला. निरोगी इंजिनात येथे हळूहळू किंचित दाब साठतो. येथे उलट ओढ दिसली. याचा अर्थ पोर्टच्या (हेडमधील हवेच्या वाटेच्या) खालच्या कडेच्या गॅस्केटमधून लिफ्टर व्हॅलीतील, म्हणजे मॅनिफोल्डखालच्या पोकळीतील, हवा आणि ऑइलची वाफ आत ओढली जात आहे. ही चाचणी फार थोडे जण करतात, पण व्ही-८ इंजिनासाठी मी ती सर्वांत मोलाची मानतो.

हेच गॅस्केट कूलंटच्या मार्गांचे सांधेही गळू देत नाही. सध्या ऑइल दुधाळ झालेले नाही, म्हणजे त्यात कूलंट मिसळलेले दिसत नाही; तरीही मॅनिफोल्ड उचलताना थोडे कूलंट व्हॅलीत पडणारच, म्हणून जोडणीनंतर ऑइल आणि फिल्टर बदलण्याचे ठरवले आहे.

जोडताना ब्लॉकच्या पुढच्या व मागच्या भिंतींवर आरटीव्ही सीलंटची (सिलिकॉनच्या लुकणाची) ५ मिलिमीटर रुंद पट्टी येईल आणि ती दोन्ही हेडवर सुमारे १३ मिलिमीटर चढवावी लागेल. आठ बोल्ट मधून कडेकडे, ३, १२ आणि शेवटी १५ न्यूटन-मीटर अशा तीन फेऱ्यांत आवळायचे आहेत. डिस्ट्रिब्यूटर परत बसवल्यावर स्कॅनरवर कॅम रिटार्ड, म्हणजे क्रँकशाफ्टच्या तुलनेत डिस्ट्रिब्यूटरमधील कॅम सेन्सरच्या खुणेचा फरक, शून्याच्या दोन अंश मागेपुढे आणावे लागते. त्यानंतर इंजिन पुन्हा धुऊन त्याच टॉर्चखाली रिअर मेन सील तपासणार आहे.