दीड इंच माया

परवा दुपारी कपाट आवरत होतो, म्हणजे आवरायचं म्हणून सगळं पलंगावर काढलं आणि मग त्याच ढिगाऱ्यात बसून मोबाईल बघत होतो, तेव्हा ती राखाडी पँट हाताला लागली. कमरेला होईना म्हणून कधीची मागे पडलेली. सहज उलटी करून बघितली तर मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंना चांगली दीड-दीड इंच माया, म्हणजे पुढे उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीत आत राखलेलं जादा कापड. रेडिमेडमध्ये ओव्हरलॉक मारून जेमतेम बोटभर कापड आत ठेवतात, त्यामुळे ही शिलाई कुणाची ते सांगायला नको. आत्या! मी कॉलेजात काडीपैलवान होतो तेव्हा शिवलेली पँट, आणि तेव्हाच तिने ठरवून टाकलेलं की हा पुढे सुटणार. बोललीही होती तोंडावर. "तुझ्या बापाकडे बघूनच माया ठेवलीय." बाप म्हणजे तिचा सख्खा भाऊ, तोही समोरच बसलेला.

असंच बोलायची ती. कुणी बाई तणतणत आली की ब्लाउज घट्ट झाला, तर आत्या टेप गळ्यातच ठेवून म्हणायची, "माप देताना श्वास आत ओढून उभ्या होतात, आता सोडलात. माझा काय दोष?" आणि मग निमूटपणे उसवून सैल करून द्यायची. गिऱ्हाईक तुटत नव्हतं हे मला अजून कोडं आहे.

तिने कागदावर ड्राफ्टिंग वगैरे कधी केलं नाही. कापड पसरायचं, त्याकडे बराच वेळ नुसतं बघायचं (या वेळात तिच्याशी बोललेलं चालायचं नाही), आणि मग खडूने सरळ रेघा ओढायला सुरुवात. उरलेल्या चिंध्यांच्या उरेब, म्हणजे तिरक्या पट्ट्या कापून ठेवायची, बरोब्बर ४५ अंशात, डोळ्यांच्या अंदाजाने. मग त्या कुठल्यातरी साध्या फ्रॉकच्या गळ्याला अशा काही फिरवायची की तो फ्रॉक घातलेली मुलगी दिवसभर मान वर करून हिंडायची.

मशीनवर मला एकच काम मिळायचं, बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ भरायचं. आणि भरून झालं की खालचा दोरा वर काढायचं. वरच्या दोऱ्याचं टोक डाव्या हातात धरायचं, उजव्या हाताने चाक एक फेरी फिरवायचं, सुई खाली जाऊन वर येते आणि खालच्या दोऱ्याचा फास अलगद वर येतो. मी तो उगाच परत आत ढकलून परत काढायचो. मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी का असतं, हातसुईसारखं मागे का नाही, हे मी विचारलं की ती म्हणायची, "मोठा झालास की शोध आणि मलाही सांग." शोधलं. एलियास हाव नावाच्या अमेरिकन माणसाने १८४६ साली पेटंट घेतलं, टोकाशी नेढं असलेली सुई आणि खाली दुसरा दोरा नेणारं शटल, दोन दोऱ्यांचा अडकून बसणारा टाका. मग सिंगरने मशिनी विकायला सुरुवात केली, हावने केस ठोकली आणि १८५४ ला जिंकला. हे सांगितल्यावर आत्या एवढी खूश झाली की विचारू नका. तिची मशीन सिंगरच होती. त्यानंतर दोरा तुटला की त्या सोनेरी अक्षरांकडे बघून म्हणायची, "मेल्या, दुसऱ्याची सुई वापरतोस, मग असंच होणार!"

शेजारच्या एका काकूंचं छातीचं ऑपरेशन झालं होतं, एक हात वर जाईना. लोक भेटायला जायचे, बरं वाटेल हो, देवावर भरवसा ठेवा, वगैरे बोलून यायचे. आत्या गेली ती टेप घेऊन. कशी आहेस नाही, काही नाही. "हात किती वर जातो, दाखव." मग म्हणाली, "एवढाच? बरं." दोन दिवसांत पुढून पूर्ण उघडणारे, खांद्यापर्यंत टिचबटणं लावलेले झगे शिवून नेले, आणि जिथे टाके होते तिथे आतून जुन्या धुवून मऊ झालेल्या कापडाचा पदर लावलेला. काकूंना रडू कोसळलं. आत्या म्हणाली, "रडायचं तर लांब बसून रड, कापडाला डाग पडतात." पैसे विचारले तर भांडली.

ती गेल्यावर जो तो म्हणत होता, फटकळ होती पण मनाने चांगली. मला हे कधी झेपलं नाही. ती फटकळ होती म्हणूनच तर तिला कळायचं कुणाला नक्की कुठे काचतंय, बाकीचे सगळे विचारायला लाजायचे.

शेवटी शेवटी डोळ्यांनी दगा दिला. मशीन बंद झाली तरी हातशिवण सुटेना, पण नेढं दिसायचं नाही, आणि दुसऱ्याला ओवून दे म्हणायचं हे तिच्या जिवावर यायचं. म्हणून रविवारी गेलो की मी गप्पा मारता मारता सुयांमध्ये दोरे ओवून तिच्या पिनकुशनला टोचून ठेवायचो, आठवडाभराची बेगमी. एकदा तिने त्यातली एक सुई उपसली, दोरा हाताने चाचपत शेवटपर्यंत मोजला आणि म्हणाली, "एवढा लांब? गुंता होतो. आळशी माणसं घेतात असला दोरा. परत ओव."

ओवल्या सगळ्या परत. काय करणार.