शहागडचा पूल ओलांडून बिअर प्यायला

येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावस्या, झाली आणि पुढच्याच आठवड्यात लातूरहून छत्रपती संभाजीनगरला निघालो. मावसभाऊ तिथं वाळूजला नोकरीला. "दादा, इथं पबमध्येच बिअर बनवतात, एकदा येऊन बघाच," असं त्याचं कधीपासून चाललं होतं. बीड, गेवराई मागं पडलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी हुरड्यात आलेली. शहागडला गोदावरी ओलांडली. नदीच्या वरच्या अंगाला पैठण, तिथं जायकवाडी. संभाजीनगर आणि तिथले बिअरचे मोठे कारखाने याच धरणाच्या पाण्यावर चालतात.

पबमध्ये काचेपलीकडं स्टीलच्या टाक्या आणि सगळीकडं भिजल्या धान्याचा गोडसर वास. बिअर बनवणारा पोरगा पाथरीकडचा, फार आस्थेनं बोलणारा. आधी गव्हाची बिअर दिली. गढूळ, हलकी, केळ्याचा आणि लवंगेचा वास. यात केळी, लवंग काहीच घालत नाहीत, हा वास यीस्टच तयार करतं, हे ऐकून मी पुन्हा एक घोट घेतला. खरंच सुंदर होती.

मग मनातलं विचारलं, "आपल्या ज्वारीची का नाही बनवत?"

त्यानं प्रश्न मनावर घेतला. बिअरचं नेहमीचं धान्य सातू, म्हणजे जव. त्याला मोड आणून वाळवलं की माल्ट होतो. तो साधारण 65 अंशांच्या पाण्यात ठेवला की त्यातली एन्झाइम दाण्यातल्या स्टार्चची साखर करतात. ज्वारीचा दाणा मात्र 70 च्या आसपास किंवा त्याच्याही वर शिजतो, आणि तेवढ्या उष्णतेत ही एन्झाइम दमतात. म्हणजे ज्वारी वेगळी शिजवून मग सातूत मिसळायची. सातूच्या टरफलांचाच गाळायला थर होतो, मळलेल्या ज्वारीला टरफल नाही. आणि ज्वारीलाच मोड आणायचे तर कोंब काढून टाकावे लागतात, त्यांत विषारी अंश असतो. तरीही दक्षिण आफ्रिकेत मका आणि ज्वारीची आंबट, दाट बिअर, उमकोंबोथी, घरोघरी करत आले आहेत. मला लगेच येळवसेची आंबील आठवली. ज्वारी आंबवणं आपल्याला काही नवीन नाही.

ज्वारीचा माझा आग्रह पाण्यासाठी आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या फेरीत 10 टाक्या, 5 लाख लिटर. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली. ते योग्यच होतं, माणसाच्या घागरीआधी बिअर नाही. या लहान पबमध्येसुद्धा एका लिटरमागं कितीतरी लिटर पाणी जातं, बरंचसं टाक्या धुण्यात. ते त्यांना कमी करावंच लागेल. पण धान्य तरी इथलं असावं. सातू येतो राजस्थानाकडून, बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं बहुतेक परदेशातून. रब्बीची ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर उभी राहते, पुष्कळ शिवारांत तिला एकही पाणी द्यावं लागत नाही. दुष्काळी मुलखातल्या बिअरला याहून शहाणं धान्य मला तरी दिसत नाही.

पोरगा म्हणाला, पाचवा हिस्सा ज्वारी घालून एक लहान घाणा करून बघू. मी मालदांडीचं अर्धं पोतं पाठवतो म्हणालो. "दादा, पीठ नका करू," त्यानं बजावलं, "कण्या भरडून द्या. पिठानं गाळणीच बसते."

भावानं तिथूनच गावाकडं फोन लावला.