टल्साचा गन शो: परराज्यातून जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायला जाणाऱ्यांसाठी

टेक्सासमध्ये राहत असाल आणि वापरलेलं, साधं, चांगल्या स्थितीतलं डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हर (नुसता चाप ओढला तरी घोडा मागे जाऊन सुटतो असं) रास्त भावात हवं असेल, तर केवळ तेवढ्यासाठी ओक्लाहोमातल्या टल्साच्या गन शोला, म्हणजे बंदुकांच्या विक्री-मेळाव्याला, जाऊ नका. हे सुरुवातीलाच लिहितोय, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. उलट ज्यांनी सांगितलं त्यांनी चुकीचं सांगितलं, आणि त्यातल्या एकाने तर जाणूनबुजून.

टल्साचा शो प्रचंड आहे, याबद्दल वाद नाही. वॅननमाकरचा शो म्हणून ओळखतात, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये, एक्स्पो स्क्वेअरच्या एकाच छपराखाली. अकरा एकर जागा आणि चार हजारांहून जास्त टेबलं. सगळीकडे काँक्रीटची जमीन. दुपारपर्यंत पाठ बोलायला लागते. चालायची सवय असणाऱ्यांना बुटांबद्दल मी काय सांगणार? पण पाण्याची बाटली बरोबर ठेवा आणि जेवण आत घेऊ नका. रांगेत जो वेळ जातो तोच तर टेबलांसाठी हवा असतो.

डॅलसहून साधारण २६० मैल. हायवे ७५ ने डेनिसन, रेड रिव्हर ओलांडून ड्युरंट, अटोका, तिथून ६९ ने मॅकॅलेस्टर, मग इंडियन नेशन टर्नपाइकने हेन्रिएटा आणि पुन्हा ७५. टर्नपाइकवर रोख पैसे घेत नाहीत. नंबरप्लेटचा फोटो काढून घरी बिल येतं आणि ते महाग पडतं. डॅलसचा टोलटॅग तिथे चालतो, तो काचेवर नीट लावून जा. ड्युरंट ते मॅकॅलेस्टर या पट्ट्यात गावं आली की वेगमर्यादा एकदम खाली येते. रस्ता मोकळा दिसतो म्हणून पायाला आवरायचं विसरू नका.

आता मुख्य मुद्दा. मला हवं होतं स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १०, चार इंची जाड बॅरलचं (नळीचं), .३८ स्पेशल काडतुसाचं. हे घराणं १८९९ पासूनचं. अमेरिकेतल्या पोलिसांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं हत्यार, आणि म्हणूनच सेकंडहँड बाजारात भरपूर. शोच्या आधी एका विक्रेत्याशी फोनवर बोलणं झालं. ४५० डॉलर म्हणाला. मी स्पष्ट विचारलं, "मी टेक्सासचा आहे, चालेल ना?" त्याचं उत्तर, "कॅरी परवाना (हत्यार जवळ बाळगण्याचा) आहे ना? मग काही अडचण नाही, घेऊन जा."

अडचण आहे, आणि मोठी आहे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे डीलर हँडगन (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) फक्त त्याच राज्यात राहणाऱ्याच्या हातात देऊ शकतो. रायफल आणि शॉटगनला थोडी सवलत आहे, रिव्हॉल्व्हरला नाही. टल्साचा डीलर तुमचे पैसे घेईल, पण हत्यार तुमच्या गावातल्या परवानाधारक दुकानाकडे पाठवेल. तिथे तुम्ही सरकारचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, तुमच्या पार्श्वभूमीची चौकशी पार पडायची, मग ते हातात. खासगी माणसाला तर परराज्यातल्या माणसाला थेट विकताच येत नाही. विकणारा आणि राज्याबाहेर नेणारा, दोघेही गुन्हेगार ठरतात. टेक्सासच्या कॅरी परवान्याचा उपयोग टेक्सासच्या दुकानात होतो, तिथे चौकशीचा फोन वाचतो. ओक्लाहोमात हँडगन उचलून आणायला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

टेबलापाशी पोचलो तेव्हा ४५० चे ५७५ झाले होते. "शोची किंमत आहे." मी डीलरमार्फत पाठवायचं म्हटलं, तर म्हणतो, हे माझ्या खासगी संग्रहातलं, कागद कशाला, रोख द्या आणि घेऊन जा. माझ्याबरोबर शेजारचे काका होते, निवृत्त, आयुष्यभर यंत्रांत गेलेले. त्यांनी शांतपणे एकच विचारलं, ती प्लास्टिकची पट्टी कापून दाखवता का? (टेबलावरच्या हत्यारांना बांधलेली असते, चाप आणि घोडा हलू नये म्हणून.) तो नाही म्हणाला. काका मला म्हणाले, "अरे, हा पट्टी कापायला तयार नाही, मग आपण पाकीट कशाला उघडायचं? चल." मी त्यांना म्हटलं, "काका, पण एवढ्या लांब आलोय." "लांब आलोय म्हणूनच," ते म्हणाले.

हा नियम पाठ करा. पट्टी कापून, घोडा ओढून बघू देत नसेल तर ते रिव्हॉल्व्हर घ्यायचं नाही. दात न बघता बैल घेण्यासारखं आहे ते. चांगले विक्रेते स्वतःहून पट्टी कापतात आणि बघून झाल्यावर नवीन बांधतात. मात्र तुम्ही न विचारता घोडा सोडू नका, आधी परवानगी घ्या.

बघायचं काय? आधी सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) उघडून सहाही घरं रिकामी असल्याची स्वतः खात्री करा. सिलिंडर उघडलेलं असताना, त्याला धरणारा योक फ्रेममध्ये जिथे बसतो त्या खाचेत मॉडेलचा नंबर ठोकलेला असतो. १९५७ पासून कंपनी हे नंबर देते, त्याआधीच्यावर सापडणार नाही. मग सिलिंडर बंद करा, पण हाताने हळू. सिनेमात मनगट झटकून बंद करतात, त्याने योक वाकतो. फ्रेम आणि योक यांच्यात फट दिसली की समजा, आधीच्या मालकाने तेच केलं आहे. सिलिंडर फिरवून इजेक्टर रॉडचं (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांडीचं) टोक बघा, ते डगमगत असेल तर रॉड वाकलेला आहे.

टायमिंग, म्हणजे सिलिंडर वेळेवर जागेवर येऊन अडकणं, सगळ्यात महत्त्वाचं. सिलिंडरवर बोटाचा अगदी हलका दाब ठेवून घोडा सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी सिलिंडर खटकन कुलूपबंद झालं पाहिजे, सहाही घरांना. एका घराला जरी उशीर झाला तरी ते हत्यार दुरुस्तीचं आहे आणि किंमत त्या हिशेबाने पडली पाहिजे. घोडा मागे अडकवून अंगठ्याने पुढे ढकला. सुटला तर कुणीतरी आत कानस चालवली आहे. असं हत्यार फुकट मिळालं तरी नको. मग चाप ओढून धरा आणि सिलिंडर डावी-उजवीकडे हलवा. स्मिथमध्ये थोडी हालचाल चालते. जुन्या कोल्टमध्ये ती जवळजवळ नसावी, असेल तर दुरुस्तीला हात लावणारा कारागीर शोधत फिरावं लागेल. मला विचाराल तर पहिलं रिव्हॉल्व्हर जुनं कोल्ट घेऊ नका.

फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा) घेऊन जा. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात दहा डॉलरच्या आत मिळतो. सिलिंडर आणि बॅरल यांच्यातली फट ०.००४ ते ०.००८ इंच असेल तर उत्तम, ०.०१० पर्यंत मी घेईन, त्यापुढे नाही. सिलिंडर मागे दाबून एकदा आणि पुढे दाबून एकदा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे सिलिंडरचा पुढे-मागे खेळ. तो ०.००३ च्या वर गेला की पुढच्या टेबलाकडे चला.

एक छोटा टॉर्चही खिशात असू द्या. बॅरलचं मागचं तोंड, ज्याला फोर्सिंग कोन म्हणतात, त्याच्या खालच्या बाजूला नीट बघा, काजळी पुसून बघा. मॉडेल १९ मध्ये हे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. ते .३५७ मॅग्नमचं, १९५५ पासूनचं, पण फ्रेम मध्यम आकाराची. जागा करण्यासाठी कोनाचा तळ सपाट तासलेला असतो, आणि हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्यांनी नेमका तिथेच तडा जातो. मी एका टेबलावर १,१०० डॉलरचं मॉडेल १९ उचललं. बाहेरून आरशासारखं चकचकीत. कोनाच्या तळाला केसासारखी रेघ. विक्रेता म्हणाला घाण आहे. काकांनी कापसाने पुसलं, रेघ तशीच. तसं बॅरल आता कंपनीकडून मिळत नाही, म्हणजे ते १,१०० डॉलरचं शोपीस.

आणि तो चकचकीतपणा! नवीन ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा रंग) केलेलं हत्यार मूळ म्हणून खपवणं, ही तिथली दुसरी लूट. ओळखायला सोपं आहे. अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा वाटीसारख्या खोलगट होतात. जुन्या निळ्या स्मिथचा घोडा आणि चाप कारखान्यातून करड्या-तपकिरी छटांचे येतात. तेही निळे असतील तर पुन्हा रंगवलेलं आहे, वाद घालू नका. स्क्रूची डोकी चावलेली असतील तर आत कुणीतरी हात घातला आहे. झिजलेलं पण खरं ब्लूइंग मला कधीही जास्त आवडेल. पोलिसांच्या कमरेवर वर्षानुवर्षं राहिलेल्या हत्याराचा रंग म्यानाने उडतो, पण आतलं यंत्र बहुतेकदा फार चाललेलं नसतं. रास्त भावाची खरी जागा तीच.

मी पाहिलेले मागणीचे आकडे: रंग उडालेलं मॉडेल १० ४०० ते ४५०, स्वच्छ असेल तर ५५० ते ६५०. मॉडेल १९ ९०० च्या पुढे. रुगरचं सिक्युरिटी-सिक्स ६०० ते ७००, आणि माझ्या मते त्या छपराखाली पैशाला सगळ्यात जागणारी वस्तू तीच, दणकट आणि उघडायला सोपी. कोल्टच्या जुन्या पायथॉनला तीन हजारांच्या वर मागत होते, त्यावर वेळ घालवू नका.

शेवटी एका डीलरकडे १०-६ (मॉडेल १० चीच एक आवृत्ती) मिळालं, 'डी'ने सुरू होणारा क्रमांक, म्हणजे १९६८ च्या आसपासचं किंवा त्यानंतरचं. टायमिंग सहाही घरांना चोख, फट ०.००६. त्याने न विचारता पट्टी कापली, टॉर्च स्वतः धरला. किंमत ५२५. आता हिशेब बघा. कार्डावर ३ टक्के, म्हणजे जवळपास १६. पाठवणी आणि हाताळणी ४५. घरच्या दुकानाची ट्रान्स्फर फी ३५. झाले ६२१. पेट्रोल, टोल, हॉटेल वेगळं. आणि ते घ्यायला गावातल्या दुकानात गेलो तेव्हा तिथल्याच कपाटात पोलिसांकडून आलेलं मॉडेल १० पडलेलं, ४९९ ला, तितकंच घट्ट. संताप झाला. चिठ्ठीवरची किंमत खरी नसते. हातात पडेपर्यंत जे लागतं ती किंमत.

मग परराज्यातल्या माणसाने टल्साला जावंच नये? जावं, पण एका तयारीने. शेजारच्या टेबलावरच्या एका वृद्ध संग्राहकाने सांगितलं ते इथे देतो, कारण ही या प्रवासातली सगळ्यात उपयोगी माहिती. संग्राहकांसाठी सरकारचा एक वेगळा परवाना असतो, टाईप ०३, शुल्क तीन वर्षांचे ३० डॉलर. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली हत्यारं त्यावर दुसऱ्या राज्यातूनही थेट घेऊन येता येतात. प्रत्येक खरेदीची नोंदवही ठेवायची, आणि परवाना धंद्यासाठी नव्हे, संग्रहासाठी. म्हणजे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं मॉडेल १० तिथेच विकत घेऊन गाडीत ठेवून घरी आणता आलं असतं. अर्ज आधीच करा, शोच्या तोंडावर केलेला उपयोगी पडणार नाही.

आपल्या मंडळींसाठी महत्त्वाचं: एच-वन, एल-वन किंवा एफ-वन व्हिसावर असाल तर हत्यार विकत घेणं आणि जवळ बाळगणं सर्वसाधारणपणे बेकायदा आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय वापरू नका. "मित्राच्या नावावर घे" असं कुणी सुचवलं तर तिथून उठा, फॉर्मवर खरा खरेदीदार कोण हा पहिलाच प्रश्न असतो. ग्रीन कार्ड असेल तर चालतं, त्यावरचा नंबर फॉर्मवर लागतो. घर बदललं असेल तर ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता आधी बदला. माझ्यापुढच्या माणसाला दुकानातून केवळ त्यासाठी परत जावं लागलं.

रविवारी टल्साच्या जुन्या आर्ट डेको इमारती पाहिल्या आणि एक्स्पोच्या दारातला सुमारे ७५ फुटी गोल्डन ड्रिलरचा, म्हणजे तेलकामगाराचा, पुतळाही. छान आहेत.

शनिवारी दारं उघडतानाच आत शिरा आणि मागच्या भिंतीपासून सुरुवात करा, पुढे गर्दी दाटते. मोजमाप करून सौदा सकाळीच उरका, कारण दुपारनंतर पाय थकतात आणि फीलर गेज बाहेर काढायचाही कंटाळा येतो. रविवारी दुपारी आवराआवर करताना काही जण भाव सोडतात, पण चांगली मॉडेल १० तोवर गेलेली असतात. पाठवायला सांगितलंत तर क्रमांकाचा आणि योकच्या खाचेतल्या मॉडेल नंबरचा फोटो स्वतःजवळ ठेवा. घरच्या दुकानात खोकं उघडल्यावर फॉर्मवर सही करण्याआधी तेच क्रमांक जुळवा आणि टायमिंग पुन्हा तपासा. एकदा ते तुमच्या नावावर झालं की परत पाठवणं म्हणजे पाठवणी, फी, सगळं नव्याने.