तीर-कमठा घेऊन विस्कॉन्सिन नदीकाठी चार दिवस

मस्कोडा गावाच्या पुलाअलीकडे आबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि विचारलं, "तुझा टॅग कुठल्या काठाचा?"

मला प्रश्नच कळला नाही. अमेरिकेतली विस्कॉन्सिन नदी इथे जिल्ह्यांची हद्द आहे. दक्षिणेला ग्रँट, उत्तरेला रिचलंड. हरणाची मादी मारण्याचा टॅग, म्हणजे एका जनावरापुरती परवानगी, काढताना जिल्हा निवडावा लागतो, शिवाय जमीन सरकारी की खासगी तेही. मी ग्रँट आणि सरकारी निवडून मोकळा झालो होतो, आणि दोन महिने नकाशावर बोट ठेवून जी जागा हेरली होती ती नेमकी पलीकडे, रिचलंडात. पहिली दुपार नवी जागा शोधण्यात गेली. तेव्हा आधी जागा ठरवा, मग टॅग काढा.

आबा म्हणजे माझ्या कंपनीतून निवृत्त झालेले, दूधवाल्या शेतकऱ्याच्या घरातले गृहस्थ. तोंडावर मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे नावानेच हाक मारतो, पण आमच्या घरी ते आबाच. मी मॅडिसनला राहतो, मूळचा सांगलीकडचा. भारतात १९७२च्या कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, त्यामुळे तिकडचा अनुभव शून्य. इथे व्हिसावर असताना बंदूक बाळगण्याचे नियम किचकट आहेत, धनुष्य त्यात येत नाही. सुरुवातीचं कारण एवढंच. आणि राज्यही बरोबर सापडलं: फक्त धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा वेगळा हंगाम अमेरिकेत पहिल्यांदा सुरू झाला तो विस्कॉन्सिनमध्येच, १९३४ साली.

१ जानेवारी १९७३ला किंवा नंतर जन्मलेल्याला पहिला परवाना काढण्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. उन्हाळ्यातच उरकून घ्या, ऑगस्टनंतर जागा मिळत नाही असा माझा अनुभव.

धनुष्याच्या बाबतीत मी माती खाल्ली. जुनं, स्वस्तातलं कम्पाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य घेतलं, ओढायला सत्तर पौंड जोर लागणारं, एकोणतीस इंच ड्रॉचं, म्हणजे दोरी तितकी मागे ओढावी लागणारं. माझी उंची साडेपाच फूट. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत किती इंच भरतात ते मोजा आणि अडीचने भागा, तो साधारण तुमचा ड्रॉ. माझा साडेसव्वीस निघाला. महिनाभर दोरी डाव्या हातावर सपकन बसायची. बायकोने निळे वळ पाहून विचारलं, "हरीण मारायला जाताय की मार खायला?" शेवटी ते विकून दुकानात मोजून-मापून पन्नास पौंडाचं घेतलं. कम्पाउंडची गंमत अशी, की पूर्ण ओढल्यावर चाकं फिरतात आणि जवळपास ऐंशी टक्के भार उतरतो. पन्नास पौंड ओढायचे, पण नेम धरताना हातात दहाच. आणखी एक: बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. सगळा जोर धनुष्यातच मुरतो आणि ते फुटूही शकतं.

सरावाला मोठं मैदान लागत नाही. मी वीस यार्डांवर रोज पंधराच बाण मारायचो. हाताला थकवा आला की पुढचे बाण वाईट सवयीच लावतात. निघायच्या आधी दोन आठवडे मात्र खऱ्या ब्रॉडहेडने, म्हणजे शिकारीच्या धारदार पात्याच्या टोकाने मारून पाहा. सरावाचं टोक आणि पात्याचं टोक एकाच वजनाचं असलं तरी बाण वेगळीकडे जाऊ शकतो. माझा चार इंच डावीकडे जात होता, आणि हे मला जंगलात कळलं असतं तर काय झालं असतं ते नको.

आता मुक्काम. लोअर विस्कॉन्सिन स्टेट रिव्हरवे हा नदीकाठचा पट्टा मॅडिसनहून अर्ध्या-पाऊण तासावर सुरू होतो. बरीच सरकारी जमीन, शिकारीला खुली. मस्कोडात आणि बॉस्कोबेलमध्ये राहायची साधी सोय होते. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. पानं गळालेली, चिलटं गेलेली, रात्री पाणी गोठायच्या बेतात. गोचिड्या मात्र असतातच, त्यातून लाइम रोग होतो. कपड्यांना आधीच पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा आणि रात्री काखा, कंबर, गुडघ्यामागे तपासा. या जिल्ह्यांत मका वगैरे टाकून हरणाला भुलवायला बंदी आहे.

झाडावर बसायचं तर या भागातल्या सरकारी जमिनीवर स्टँड रोज काढून न्यावा लागतो, आणि झाडात स्क्रू ठोकता येत नाहीत. म्हणून मी चढता स्टँड घेतला होता, दोन तुकड्यांचा, सुरवंटासारखा सरकत वर जाणारा. पाठीवर नऊ किलो. पाय जमिनीवरून उचलायच्या आधी हार्नेसचा पट्टा झाडाला अडकवायचा, आणि धनुष्य खाली ठेवून वर गेल्यावर दोरीने ओढून घ्यायचं. आबांच्या एका डोळ्याखाली जुना व्रण आहे. त्यांनी त्याची गोष्ट सांगितली नाही, माझा हार्नेस तेवढा दोनदा ओढून पाहिला.

वाऱ्याची दिशा पाहायला दुकानात पावडरच्या बाटल्या मिळतात. आबांच्या खिशात मिल्कवीडची सुकी शेंग होती. त्यांनी कापसाचा तुरा सोडला आणि मी हसलो, कारण ती आपली रुईची म्हातारीच. एकाच कुळातली झाडं. ती म्हातारी सरळ जात नाही. संध्याकाळी ऊन उतरलं तशी ती माझ्या झाडावरून निघाली, वीस पावलं गेली आणि उताराने खाली, ओहोळाकडे वळली. थंड होणारी हवा खाली वाहते, आणि माझा वास तिच्याबरोबर. हरणं ओहोळातूनच येणार होती. स्टँड उतरवून दुसऱ्या बाजूला हलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मादी आली. अठरा यार्ड. मी ओढलं आणि ती माझ्याकडे तोंड करून थांबली. समोरून मारायचं नाही, हे ठरलेलं. तिचे कान वेगवेगळ्या दिशांना फिरत होते, नाकपुडीतून वाफ येत होती. मिनिटभर दहा पौंड धरले, मग कोपर थरथरायला लागलं. हळूच दोरी सैल केली. तेवढ्या हालचालीने ती फुस्सकन फुरफुरली आणि पांढरी शेपटी वर करून गेली. आबा म्हणाले, "आज तू शिकारी झालास." मला तेव्हा रागच आला.

तिसऱ्या दिवशी उजेड जाण्याआधी दुसरी आली, बावीस यार्डांवर, तिरपी पाठमोरी. अशा वेळी पलीकडच्या पुढच्या पायाचा अंदाज घेऊन नेम धरतात. बाण तीन बोटं मागे बसला. मी लगेच उतरायला निघालो होतो. आबांचा निरोप फोनवर आला: हलू नकोस, ती शेवटी कुठल्या झाडापाशी दिसली तेवढं लक्षात ठेव.

अर्ध्या तासाने बाण सापडला. तो वाचायला शिका, नेमाइतकंच ते महत्त्वाचं. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, थोडं थांबून निघा. हिरवट आणि दुर्गंधी असेल तर आतडं, मग रात्रभर हात लावायचा नाही. माझ्या बाणावर काळपट तांबडं होतं. यकृत. जखमी जनावर पाठलाग केला नाही तर जवळच बसतं, उठवलं तर मैलभर जातं. आम्ही गावात जाऊन सूप प्यायलो. माझ्या घशाखाली उतरलं नाही. रात्री अकराला परत गेलो, धनुष्य गाडीत ठेवून, हातात फक्त टॉर्च. प्रत्येक थेंबापाशी आबा टिश्यूचा तुकडा ठेवत होते. थेंब संपले की मागे वळून तुकड्यांची रांग पाहायची, दिशा कळते. एकशे चाळीस पावलांवर, लव्हाळ्याच्या कडेला ती पडली होती. थंड झालेली.

मी काही वेळ तिच्याजवळ बसलो. नंतर पोट साफ करायला पाऊण तास लागला. सप्टेंबरात गेलात तर बर्फाच्या पिशव्या गाडीत आधीच ठेवा, उबेत मांस पटकन बिघडतं. शिकारीची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन करायची असते.

या भागात सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा रोग आहे, राज्यात २००२ साली पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नका असा सल्ला आहे. तपासणी फुकट होते. थोड्या मानेसकट डोकं पिशवीत घालून रस्त्याकडेच्या पेटीत ठेवायचं, फॉर्म भरायचा. मी मांसाच्या पुड्यांवर तारीख घालून सगळं फ्रीजरला टाकलं आणि निकाल येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. बाराव्या दिवशी निकाल आला, रोग नाही.

शिजवताना पांढरी चरबी सगळी काढा, ती मेणासारखी टाळूला चिकटते. खांद्याचं मांस कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, कुकरला, मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त. पाठीच्या कण्यालगतची पट्टी मात्र कुकरला दाखवू नका. तवा कडक तापवायचा, चमचाभर तूप, मीठ, मिरी, दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं.