कसारा घाट बारा फुटांत: बदललेला प्लॅन आणि निम्म्यावर आलेलं बजेट

मी नाशिकला अंबडमध्ये एका छोट्या पॅनल बनवणाऱ्या कंपनीत कॉस्टिंग बघतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामाचे रेट काढायचे, आणि गेलं वर्षभर संध्याकाळी घरी येऊन तेच स्वतःच्या मॉडेल रेल्वेसाठी केलंय. मॉडेल रेल्वे म्हटलं की लोक इंजिन किती महाग हे आधी विचारतात. इंजिनं महाग आहेतच, पण बजेट खरं कुठं खाल्लं जातं ते एक्सेल शीट उघडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून हे सगळं आकड्यांसकट सांगतोय.

पहिला प्लॅन एकदम भारी होता. जेल रोडच्या फ्लॅटमधली मागची खोली, दहा बाय आठ, त्यात एच ओ स्केल म्हणजे १:८७, डबल लाइन, दोन स्टेशनं, यार्ड, बोगदा आणि चौदा पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासूनचं, ते बघून आल्यावर ज्याला असं वाटत नाही तो माणूस नाही. बजेट ठरवलं ७५ हजार, वर्षभरात थोडं थोडं करून.

मग मी सवयीने एका पॉइंटचा पूर्ण रेट काढला. नुसता पॉइंट साधारण ३,०००. तो हलवायला मोटर १,५००. वायर, स्विच, कनेक्टर मिळून ३००. झाले ४,८००, आणि चौदाने गुणलं की ६७,२००. म्हणजे अजून एक फूट सरळ रूळ नाही, प्लाय नाही, डबा नाही, आणि ७५ मधले ६७ संपले! त्यात सगळा माल बाहेरचा. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची बेसिक कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर नेली, २०२३ ला ७० केली, आणि मॉडेल गाड्या कस्टमच्या यादीत खेळण्यांच्याच चॅप्टरमध्ये येतात, त्यामुळे दुकानदाराला रेट कमी करायला सांगून काही उपयोग नसतो, त्याच्या हातातच नाही ते.

हे चाललं होतं तेवढ्यात सिन्नरहून बाबा आमच्याकडे राहायला आले. गुडघ्याचं ऑपरेशन, नंतर फिजिओ, आणि एकटं ठेवायचा प्रश्नच नव्हता. मागची खोली त्यांची झाली. खर्चाचं पण तसंच, ७५ हजार हा आकडा आता घरात उच्चारण्यासारखा राहिला नव्हता. बायको म्हणाली, "बंद नको करू, पण चाळीसच्या वर एक रुपया नाही, आणि बाल्कनीत काय करायचं ते कर, वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं पाहिजे." चाळीसमध्ये दाजींनी जर्मनीहून आणलेला एच ओ चा सेट विकून आलेले ९ हजार पण धरलेले आहेत हे ती मुद्दाम सांगत नाही, मी सांगतो.

तर आता जागा म्हणजे बंद केलेली बाल्कनी, भिंतीची लांबी बारा फूट म्हणजे ३६६ सेंटीमीटर, आणि रुंदी जेमतेम सव्वा फूट. गोल फिरून येणारी गाडी विसरा, वळवायलाच जागा नाही.

इथं मला एक गोष्ट ठरवावी लागली जी खोली असताना ठरवायची गरज पडली नव्हती, की मला नक्की बघायचंय काय. आणि उत्तर पटकन आलं, बँकर. कसाऱ्याला गाडीच्या मागे इंजिनं लागतात, घाट चढवतात, इगतपुरीला सुटतात आणि मोकळी खाली परत जातात. नाशिककर मुंबईहून येताना हा प्रकार लहानपणापासून खिडकीतून बघतो. इगतपुरीचा थांबा, वडापाव, मागून एक धक्का. आता वंदे भारत २०२३ पासून बँकरशिवाय चढते, चांगलंय, वेळ वाचतो, पण मला तिच्यात तेवढा रस नाही. म्हणून शीटवर मी वर मोठ्या अक्षरात लिहिलं, बँकर लागणं आणि सुटणं, आणि ज्या वस्तूने यात मदत होत नाही ती ओळ उडवायची. यार्ड उडालं, बोगदा उडाला, डबल लाइन उडाली. डबल लाइनचं जरा जीवावर आलं.

मग स्केल. कसारा घाट, जुन्या पुस्तकांत थळ घाट, १८६५ ला सुरू झाला आणि चढ आहे ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. खेळण्याच्या रेल्वेत लोक साधारण २ ते ३ टक्केच ठेवतात, म्हणजे इथं खरा आकडा जसाच्या तसा वापरता येतो, हे फार कमी वेळा होतं. दुसरं असं की घाटात लाइन स्वतःवरून ओलांडत नाही, त्यामुळे खालून दुसरी गाडी जाईल एवढी उंची गाठायची सक्ती नाही, नुसतं चढतंय असं दिसलं की झालं. लांबी मात्र हवीच. आयसीएफचा म्हणजे आपला जुना प्रवासी डबा साधारण २१.३ मीटर, एच ओ मध्ये तो २४.५ सेंटीमीटर होतो. चार डबे आणि पुढे मागे एकेक इंजिन धरलं की गाडी १४४ सेंटीमीटर. दोन स्टेशनं म्हणजे २८८, आणि घाटाला उरले ७८, त्यात पॉइंटची लांबी वजा करायची अजून बाकी. तो घाट नाही, तो रॅम्प. एन स्केलला म्हणजे १:१६० ला तीच गाडी ७८ सेंटीमीटर, स्टेशनं पॉइंट धरून १८० मध्ये बसतात आणि घाटाला जवळजवळ तेवढीच जागा राहते. १८० ला ३७ ने भागलं की चढ पावणेपाच सेंटीमीटरच्या आसपास, सव्वा फूट रुंद फळीवर छान दिसतो. म्हणून एन. बाहेर बरेच जण सांगतात एन मध्ये डिटेल दिसत नाही वगैरे, ते मोठ्या घरवाल्यांचं बोलणं आहे.

आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, १:१६० ला साडेदहा मिलिमीटर व्हायला पाहिजे, एन चा रूळ ९ चा असतो. दीड मिलिमीटरचा फरक. पकडणारा येईल तेव्हा चहा पाजू.

चौदा पॉइंटचे तीन झाले. एक कसाऱ्याला बँकर उभा करायला, एक इगतपुरीला दुसरी लाइन देण्यासाठी, आणि एक कॅच सायडिंग, जी घाटात खरंच असते, उतारावर सुटलेली गाडी वळवून थांबवायला. ही तिसरी बँकरच्या नियमात बसत नव्हती पण ठेवली, शेवटी शीट माझी आहे. मोटर एकालाही नाही. फळीखाली साधा स्लाइड स्विच, त्याच्या दांडीला सायकलची स्पोक, स्पोक पुढच्या पट्टीतून बाहेर काढलेली, ओढली की पॉइंट हलतो, तिथंच राहतो, आणि त्याच स्विचच्या कॉन्टॅक्टवरून पॉइंटच्या मधल्या तुकड्याची पोलॅरिटी म्हणजे प्लस-मायनसपण बदलते. स्विच आणि स्पोक मिळून पन्नास रुपयांच्या आत, मोटरच्या १,५०० च्या जागी.

कंट्रोलचं पण तसंच. डिजिटल म्हणजे डीसीसी घ्यायचं मनात होतं, कारण दोन इंजिनं एकाच रुळावर वेगवेगळी चालवायची तर तोच सरळ मार्ग. पण तयार सिस्टीम आणि प्रत्येक इंजिनात डीकोडर, म्हणजे त्या इंजिनाचा सिग्नल ओळखणारं छोटं सर्किट, धरला तर अर्धं बजेट तिकडेच. अर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर, घरी बनवता येतं, स्वस्तात होतं, डीकोडर तरी विकत लागतातच. म्हणून साधं १२ व्होल्ट डीसी, आणि रूळ कापून चार तुकडे वेगळे केले, प्रत्येक स्टेशनला दोन, एक पुढच्या इंजिनासाठी एक बँकरसाठी, चार टॉगल स्विच. गाडी कसाऱ्यात पुढं थांबली की तिचा तुकडा बंद करायचा, बँकरचा चालू करायचा, बँकर सायडिंगमधून मागे येऊन टेकतो, मग दोन्ही चालू करून चढ सुरू. इगतपुरीला थांबल्यावर बँकरचा तुकडा बंद, गाडी चार बोटं पुढं घेतली की तो सुटला. खऱ्या गाडीत बँकर रीतसर जोडतात, आमच्याकडे नुसता टेकतो, जोडायचा आकडा म्हणजे कपलर काढून टाकलाय. आणि अख्ख्या फळीवर फिरणारी लूप नसल्याने गाडी आणायला अॅल्युमिनियमच्या अँगलची ८० सेंटीमीटरची कॅसेट केलीय, गाडीसकट उचलून कसाऱ्याच्या टोकाला लावायची, खेळ झाला की काढायची, म्हणजे मशीनचं झाकण मोकळं.

मागून ढकलण्यात दोन भानगडी असतात त्या आधीच सांगतो. एक, मागचं इंजिन पुढच्यापेक्षा जरा जोरात असेल तर मधले डबे दाबले जाऊन रुळावरून उडतात. उपाय एकदम स्वस्त, बँकरच्या मोटरच्या वायरीत उलटसुलट जोडलेले साधे डायोड टाकायचे, प्रत्येक जोडी ०.७ व्होल्टच्या आसपास खाते, दोन्हींचा वेग जुळेपर्यंत जोड्या वाढवायच्या. एम जी रोडला चिल्लर पैशात मिळतात. दोन, डबे हलके असून चालत नाहीत. अमेरिकन मॉडेल संघटनेचा जुना हिशोब आहे, एन साठी अर्धा औंस आणि लांबीच्या दर इंचाला ०.१५ औंस, आपल्या डब्याला ते ३६ ग्रॅमच्या आसपास येतं. कागदी पुठ्ठ्याचा डबा त्याच्या जवळपासही जात नाही. टायरवाल्याकडे चाकाच्या बॅलन्सिंगची ५ ग्रॅमची चिकटवायची वजनं मिळतात, ती डब्याच्या आत तळाला ओळीने लावायची, वरून दिसत नाहीत. टायरवाल्याने विचारलं कुठली गाडी, मी म्हटलं पंचवटी.

इंजिनांबद्दल. एन मध्ये आपली इंजिनं दुकानात तयार मिळत नाहीत असंच धरून चाला. मी दोन सेकंडहँड अमेरिकन डिझेलची मेकॅनिझम, म्हणजे मोटर आणि चाकांसकट खालचा सांगाडा, घेतली, सहा अॅक्सलची, कारण आपलं विजेवरचं डब्ल्यू ए जी ७ इंजिन पण सहा अॅक्सलचं आणि लांबी जवळपास तीच, आणि वरची बॉडी थ्रीडी प्रिंट करून घेतली. प्रिंटवाल्याने पहिल्यांदा एका पीसचा जो रेट सांगितला तो ऐकून मी फाइलच हलकी केली, आतून पोकळ, भिंती दीड मिलिमीटर, छतावरचा, तारेतून वीज घेणारा पॅन्टोग्राफ वेगळा. रेझिन कमी लागलं, रेट खाली आला.

रंगकाम आणि डोंगर जवळजवळ फुकटात झालं. एसीच्या पॅकिंगचा फोम, वर जुन्या पेपरचे तुकडे फेविकॉलमध्ये, त्यावर काळा करडा रंग. रुळाखालची खडी मात्र मनासारखी झाली. खरी खडी जास्तीत जास्त ६५ मिलिमीटरची, १६० ने भागली की ०.४, म्हणजे क्रशरची डस्ट चहाच्या गाळणीने गाळायची. आपला काळा दगडच आहे तो, घाटात तोच, रंग द्यायची गरजच नाही. फक्त पसरायच्या आधी त्यातून चुंबक फिरवा, या दगडात मॅग्नेटाइट नावाचं लोखंडाचं खनिज असतं, ते मोटरच्या मॅग्नेटला चिकटतं आणि इंजिन हळूहळू कुरकुरायला लागतं. मी स्पीकरचं जुनं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवलं, बाहेर निघालेली काळी मिशी बघून बाबा पण उठून आले.

बाल्कनी पश्चिमेची, उन्हाळ्यात तापते आणि डिसेंबरात गार पडते. तीस अंशांच्या फरकाला साडेतीन मीटर रूळ दीड मिलिमीटरच्या वर वाढतो, म्हणून प्रत्येक जोडाला पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवली. प्लाय पावसाळ्यात फुगतो तो वेगळाच, त्याला खालून वरून दोन्हीकडून वॉर्निश.

शेवटचा हिशोब असा, लाकूडकाम ब्रॅकेटसकट ४,४००, रूळ आणि तीन पॉइंट १३,५००, दोन मेकॅनिझम ११,०००, प्रिंट २,४००, डबे त्यांच्या खालच्या चाकांच्या फ्रेम आणि चाकांसकट ४,२००, वायरिंग १,१०० कारण टॉगल आणि लग्ज (वायरच्या टोकाला लावायचे तुकडे) कंपनीच्या स्क्रॅपमधून साहेबांना विचारून आणले, आणि डोंगर झाडं रंग २,०००. टोटल ३८,६००. द्वारकेजवळ प्लाय घेतला तिथं कटिंगचे पैसे नाही लावले, ते धरले असते तर अजून थोडं वर गेलं असतं. लक्षात घ्या, सगळ्यात मोठी ओळ अजूनही रुळांचीच आहे, तीन पॉइंट असताना.

उरले १,४००. त्यात ओव्हरहेड वायरचे खांब की घाटातला एहेगावचा पूल, दोन्ही बसत नाही. खांब आत्ता करतोय, नुसते खांब, वरची तार नाही, कारण तार लावली की गाडी हाताने उचलता येत नाही आणि रूळ पुसता येत नाही. पुलाची ओळ शीटवर आहे, रेट पण काढलाय, दिवाळीच्या बोनसला जोडून ठेवलाय. तोपर्यंत दरीवर एक प्लायची पट्टी ठोकलीय, गाडी तिच्यावरून जाते.