बटण होतं, पण दिसत नव्हतं

शुक्रवारी संध्याकाळी पाचला तक्रार आली: "सगळा फॉर्म भरला, पण सबमिटचं बटणच नाही." सोबत आयफोनवरचा स्क्रीनशॉट. खरंच नव्हतं. मी क्रोममध्ये पान उघडलं, डेव्हलपर टूल्समध्ये आयफोन निवडला. बटण तळाशी, चांगलं ठसठशीत निळं. फायरफॉक्समध्येही तसंच. उत्तर लिहिलं, "माझ्याकडे दिसतंय." हे वाक्य आजवर किती वेळा लिहिलंय ते मोजलं तर लाज वाटेल.

आमची टेस्टर उठून माझ्या टेबलापाशी आली आणि स्वतःचा आयफोन पुढे केला. "दाखव बरं, कुठंय?"

सफारीत नव्हतं. तिच्याच फोनवरच्या क्रोममध्येही नव्हतं. खरं तर तिथेच ट्यूब पेटायला हवी होती. आयफोनवरचं क्रोम वरून क्रोम असलं तरी आतून सफारीचंच वेबकिट, म्हणजे पान रंगवणारं इंजिन, असतं. आणि माझ्या लॅपटॉपवरचा तो 'आयफोन' म्हणजे नुसती त्या मापाची चौकट, आत इंजिन क्रोमचंच. पण दोन-दोन ब्राउझरमध्ये दिसत नाही म्हणजे बटणावर काहीतरी चढून बसलंय, असं मी धरून चाललो. झेड-इंडेक्स, म्हणजे कोण कोणाच्या वर दिसणार ते ठरवणारा आकडा, ९९९९ केला. मग ९९९९९. (तिथे नऊ वाढायला लागले की खुशाल समजावं, माणूस अंदाजपंचे काम करतोय.) तासभर गेला.

"थांब, हे बघ," ती म्हणाली. तिने बोटाने पान वर ओढून तसंच धरून ठेवलं. तळाच्या ॲड्रेस बारच्या वर एक निळी कड डोकावली. बोट सोडलं, पान रबरासारखं मागे गेलं, कड गायब.

बटण बारच्या मागे होतं तर! फोन केबलने मॅकला जोडला, सफारीच्या डेव्हलप मेनूतून तेच पान उघडलं आणि पान ज्या डब्यांचं बनलेलं असतं त्या सगळ्यांना लाल आउटलाइन, म्हणजे जागा न खाणारी रेघ, दिली. बॉर्डर द्यायची नाही. ती जागा खाते, मांडणी हलते आणि आपण भलताच बग शोधत बसतो. बाहेरच्या डब्याची उंची दिसणाऱ्या भागापेक्षा ऐंशीएक पिक्सेलने जास्त निघाली.

त्या डब्याला मीच १०० व्हीएच, म्हणजे स्क्रीनवरच्या पानाच्या जागेइतकी पूर्ण, उंची दिली होती. आयफोनच्या सफारीत १०० व्हीएच म्हणजे बार आक्रसल्यानंतरची, मोठी उंची. हे मुद्दाम केलेलं आहे, नाहीतर स्क्रोल करताना बार आत-बाहेर झाला की दरवेळी पान उड्या मारेल. एरवी थोडं स्क्रोल केलं की बार आक्रसतो आणि तळ दिसतो. पण मी बॉडीला, म्हणजे अख्ख्या पानाला, ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाईल ते झाकायचं, स्क्रोल नाही) लावून ठेवलं होतं. पान स्क्रोल होणार नाही, म्हणून बार आक्रसणार नाही, म्हणून बटण दिसणार नाही. दोन ओळी, दोन्ही माझ्याच.

१०० व्हीएचच्या खाली १०० डीव्हीएचची ओळ टाकली. डीव्हीएच बारच्या त्या-त्या वेळच्या स्थितीप्रमाणे बदलतं. सफारीत ते २०२२ मध्ये, १५.४ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या ब्राउझरला ती ओळ कळत नाही, ते वरची धरतात. बटण आलं. नऊंची रांग पुसली, कोड चढवला, निघालो.

सोमवारी सकाळी टेस्टरचा मेसेज: "शेवटच्या रकान्यात टाइप करताना बटण परत गायब." कीबोर्ड! डीव्हीएच बारचा हिशोब करतं, कीबोर्डचा नाही. आता कीबोर्डची उंची जावास्क्रिप्टने मोजायची, या विचाराने फाइल उघडली आणि तशीच बंद केली. बटण तळाला चिकटवून ठेवायचा हट्टच सोडला. शेवटच्या रकान्याखाली साध्या ओघात ठेवलं, ओव्हरफ्लो हिडन काढलं, दोन्ही उंच्याही काढल्या. डिझायनर दोन दिवस कुरकुरला. कोड अकरा ओळींनी कमी झाला.